तेहरानची भिंत आणि न्यूयॉर्कची दहा मतं

राजदूत नेमका काय करतो, हे समजून घ्यायचं तर सर अँथनी पार्सन्स (१९२२–१९९६) या ब्रिटिश मुत्सद्द्याची कारकीर्द मला इतर कुणाहीपेक्षा जास्त उपयोगी वाटते. याला कारण आहे. त्यांच्या हातून एक मोठं अपयश घडलं आणि एक मोठं यशही, आणि दोन्हींत अंतर जेमतेम साडेतीन वर्षांचं. तेहरानमध्ये ते पाच वर्षं राजदूत होते, तरी डोळ्यांसमोर उलथत असलेलं राज्य त्यांना वेळेत दिसलं नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र त्यांनी दोन दिवसांत असा ठराव मंजूर करून घेतला, की लंडनमधल्या त्यांच्याच वरिष्ठांनाही त्याची फारशी आशा नव्हती. माणूस तोच, बुद्धीही तीच. मग फरक कुठे पडला?

आधी ते घडले कसे, ते थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यात होते, १९४५ मध्ये मिलिटरी क्रॉस मिळाला. पुढे ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात शिक्षण, मग बगदादला लष्करी अताशेचे (दूतावासातल्या लष्करी प्रतिनिधीचे) सहायक, आणि १९५४ मध्ये सैन्य सोडून परराष्ट्र खात्यात. अंकारा, अम्मान, कैरो, खार्टूम अशा बदल्या होत गेल्या. त्या काळच्या ब्रिटिश परराष्ट्र खात्यात अरबी प्रदेशाची माहिती असलेल्यांची एक वेगळी जमातच होती, त्यातले ते एक.

१९६५ ते १९६९ ते बहारीनमध्ये ‘पोलिटिकल एजंट’, म्हणजे ब्रिटिश सरकारचे तिथले प्रतिनिधी, होते. हे पद महाराष्ट्राला अनोळखी असायचं कारण नाही. आखातातला इंग्रजांचा कारभार सुरुवातीला मुंबई सरकारच्या हाताखाली चालायचा. १८७३ मध्ये तो कलकत्त्याच्या हिंदुस्थान सरकारकडे गेला, तरी मुंबईची छाप पुसली गेली नाही. १९१३ च्या आदेशानुसार बहारीनमध्ये इंग्रजांच्या अखत्यारीतल्या लोकांना जो कायदा लागू झाला, तो बहारीन जणू मुंबई इलाख्यातला एक जिल्हा आहे अशा थाटाचा होता. चलनही रुपयाच होतं. सोन्याच्या तस्करीला आळा घालायला रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, त्या बहारीनमध्ये १९६५ पर्यंत चालल्या. पार्सन्स तिथे पोचले त्याच वर्षी दिनार आला, दहा रुपयांना एक या भावाने. त्याच वर्षी मार्चमध्ये तेल कंपनीतल्या कामगारकपातीवरून तिथे मोठं आंदोलनही पेटलं होतं.

जानेवारी १९६८ मध्ये ब्रिटनने सुएझच्या पूर्वेकडून सैन्य काढून घेण्याचं जाहीर केलं. तेव्हापासून पार्सन्स यांच्या कामाचा रोखच बदलला. इराण बहारीनवर हक्क सांगत होता. इराणच्या राजाने, म्हणजे शहाने, बळजबरी करणार नाही असं जाहीर केलं ते जानेवारी १९६९ मध्ये, आणि तेही नवी दिल्लीत, पत्रकारांसमोर. मग संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने बहारीनमध्ये जाऊन लोकांचा कल अजमावला आणि ११ मे १९७० ला सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २७८ मंजूर केला. पार्सन्स तोवर न्यूयॉर्कच्या ब्रिटिश कचेरीत आले होते. जमिनीवरचा तंटा कागदावरच्या चार ओळींत कसा बसवायचा, याचं शिक्षण त्यांना इथे जवळून मिळालं. ते पुढे कामी आलं, पण त्याआधी तेहरान आलं.

१९७३ च्या अखेरीला तेलाचा भाव चौपट झाला, आणि १९७४ मध्ये पार्सन्स इराणला राजदूत म्हणून गेले. ब्रिटनची अर्थव्यवस्था तेव्हा खंगलेली होती आणि शहाकडे पैसा उतू चालला होता. इराणने सातशेहून अधिक चीफटन रणगाडे ब्रिटनकडून मागवले होते, पुढच्या सुधारित रणगाड्यांच्या मागण्या वेगळ्याच. त्यामुळे लंडनला तेहरानकडून हवी होती ती निर्यात. पार्सन्स यांनी दूतावासाची घडीच त्याप्रमाणे बसवली.

मोठ्या दूतावासाचे विभाग ठरलेले असतात. राजकीय घडामोडींवर नजर ठेवणारी चॅन्सरी, व्यापार विभाग, पासपोर्ट-व्हिसा बघणारा वाणिज्यदूत विभाग, लष्करी अताशे, माहिती विभाग. लंडनला रोज जाणाऱ्या सांकेतिक तारा यांच्यातूनच निघतात. आता कुठल्या विभागात किती माणसं बसवली, यावरून त्या दूतावासाला काय दिसणार आणि काय नाही, हे बरंचसं ठरून जातं. तेहरानमध्ये व्यापाराला प्राधान्य मिळालं. लष्करी अताशेही शस्त्रविक्रीला मदत करत होते. चॅन्सरीतल्या थोड्या माणसांनी सबंध देश बघायचा होता.

आणि त्यांच्यावर एक न लिहिलेलं बंधन होतं. विरोधकांना भेटायचं नाही. सावाक ही शहाची गुप्त पोलीस यंत्रणा कोण कुणाला भेटतं यावर डोळा ठेवून होती. एखादा ब्रिटिश सेक्रेटरी कुठल्या मुल्लाकडे चहाला गेला, तर ते संध्याकाळपर्यंत शहाच्या कानावर जाणार, आणि शहा चिडला तर कोट्यवधी पौंडांचं कंत्राट फ्रेंचांकडे किंवा जर्मनांकडे वळणार. मग भेटायचं कुणाला? मंत्री, सेनाधिकारी, उद्योगपती, परदेशी शिकून आलेले प्राध्यापक. म्हणजे शहाच्या राज्यात ज्यांचं चांगलं चाललं होतं ते सगळे. कोम या धर्मपीठाच्या शहरातले धर्मगुरू, बाजारातले घाऊक व्यापारी, खेड्यांतून येऊन दक्षिण तेहरानच्या झोपड्यांत राहणारे मजूर, यांच्याशी दूतावासाचा संबंध जवळपास नव्हता.

यातला विरोधाभास असा, की फेरदौसी रस्त्यावरच्या ह्याच ब्रिटिश आवारात १९०६ च्या उन्हाळ्यात बारा हजारांहून अधिक इराणी आश्रयाला येऊन बसले होते. बागेत तंबू ठोकलेले, मोठमोठ्या कढयांत अन्न शिजतंय, आणि मागणी एकच: राज्यघटना द्या. बाजारातले लोक, धर्मशाळेतले विद्यार्थी, सगळे भिंतीच्या आत होते. सत्तर वर्षांनी भिंत तीच होती, आणि त्याच थरातले लोक तिच्या बाहेर उभे होते.

माहिती नव्हती असं म्हणता येत नाही. पार्सन्स यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत यावर फार प्रामाणिकपणे लिहिलंय. धर्मगुरूंचा राग ठाऊक होता, महागाई ठाऊक होती, विद्यापीठांतली खदखद ठाऊक होती. चुकलं ते हे, की ही सगळी माणसं एकाच दिवशी एकाच रस्त्यावर येतील असं चित्र कुणाच्या मनात उभंच राहिलं नाही. प्रत्येक गोष्टीची फाईल होती, पण वेगवेगळी. माझ्या मते हे अर्धसत्य आहे. कल्पनाशक्ती अशी हवेत कमी पडत नाही. बाजारात रोज जाणारा एक जरी माणूस दूतावासाकडे असता, तर चित्र उभं करायला फार प्रतिभा लागली नसती.

कारण १९७८ चं आंदोलन लपूनछपून चाललं नव्हतं, त्याला चक्क वेळापत्रक होतं. शिया परंपरेत मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी शोकविधी असतो. ९ जानेवारीला कोममध्ये निदर्शकांवर गोळीबार झाला. चाळीस दिवसांनी, १८ फेब्रुवारीला, तबरीझमध्ये शोक आणि दंगल, पुन्हा माणसं मेली. आणखी चाळीस दिवसांनी, मार्चच्या अखेरीस, यझ्द. मग मे महिन्याची सुरुवात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढची तारीख आधीच लिहून ठेवता आली असती. तरी मे महिन्यातला पार्सन्स यांचा अंदाज असा होता, की शहा स्वतः सुकाणूवर आहे तोवर राजवट उलटण्याचा गंभीर धोका नाही. त्यानंतर ते लांबच्या रजेवर गेले. ते परत येईपर्यंत अबादानच्या सिनेमागृहाची आग होऊन गेली होती आणि ८ सप्टेंबरला तेहरानच्या ‘झाले’ नावाच्या चौकात सैन्याने गर्दीवर गोळ्या चालवल्या होत्या.

त्या शरद ऋतूत शहा त्यांना वारंवार बोलावून घेई, पुष्कळदा अमेरिकी राजदूत विल्यम सलिव्हन यांच्यासोबत. काय करू, हा एकच प्रश्न फिरून फिरून. आणि त्याच्या आड एक संशय: हे सगळं तुम्हीच तर घडवत नाही ना? बीबीसीच्या फारसी सेवेवर आंदोलनाचे नेते खोमेनी यांची वक्तव्यं ऐकू यायची, आणि ब्रिटिश सरकारचा बीबीसीच्या बातम्यांवर ताबा नाही, हे शहाला कधीच पटलं नाही. १९४१ मध्ये त्याच्या बापाला इंग्रज आणि रशियनांनी गादीवरून उतरवलं होतं, १९५३ मध्ये त्याला स्वतःला गादीवर टिकवण्यात इंग्रजांचा हात होता. अशा माणसाला राजदूताने ‘आम्ही यात नाही’ असं सांगितलं, तरी तो त्यातूनही काही खूण शोधणारच.

५ नोव्हेंबर १९७८ ला जमाव दूतावासात घुसला आणि कचेरीची इमारत पेटवली. सैन्य बघत राहिलं. तारीख वाचून पुणेकर थबकतील. ५ नोव्हेंबर १८१७ लाच, खडकीच्या लढाईच्या दिवशी, संगमावरची इंग्रजांची रेसिडेन्सी जळाली होती, एल्फिन्स्टनच्या ग्रंथसंग्रहासकट. पण एल्फिन्स्टन काही तासांपूर्वीच तिथून निघून खडकीच्या छावणीत पोचला होता. बाजीरावाच्या वाड्यात काय शिजतंय, याची बित्तंबातमी पुरवणारी माणसं त्याने शहरभर पेरून ठेवली होती. त्यामागचा हेतू आपल्याला रुचण्यासारखा नाही, पण रेसिडेंट म्हणून त्याचं काम चोख होतं.

१६ जानेवारी १९७९ ला शहा देश सोडून गेला. पार्सन्सही त्याच महिन्यात तेहरानहून निघाले. परराष्ट्र मंत्री डेव्हिड ओवेन यांच्या सांगण्यावरून निकोलस ब्राउन या अधिकाऱ्याने खात्यांतर्गत चौकशी केली. तिचा अहवाल बाहेर यायला तीस वर्षं लागली. त्यातले ठपके रोखठोक आहेत: शहाची लोकप्रियता फुगवून सांगितली, विरोधकांच्या हालचालींची माहिती फारच तोकडी होती, घटनांचा वेग ओळखला नाही. हेच ब्राउन १९९९ मध्ये इराणला राजदूत म्हणून गेले.

खात्याने पार्सन्स यांना मात्र अडगळीत टाकलं नाही. १९७९ मध्येच ते संयुक्त राष्ट्रांत ब्रिटनचे कायम प्रतिनिधी झाले. इथलं काम एका बाबतीत तेहरानच्या उलट. ज्यांच्यावर सगळं अवलंबून, ती माणसं मोजकी असतात, एकाच इमारतीत बसतात, आणि कुणालाही भेटायला बंदी नसते. सुरक्षा परिषदेत १५ सदस्य. ठरावाला किमान ९ मतं लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी कुणीही नकाराधिकार वापरता कामा नये. पार्सन्स अडीच-तीन वर्षं लहान देशांच्या प्रतिनिधींमध्येही तितक्याच मोकळेपणाने वावरले. हा गुंतवणुकीचा भाग आहे, आणि ती गरज पडल्यावर करता येत नाही.

३१ मार्च १९८२ ला लंडनला खबर लागली, की अर्जेंटिनाचं आरमार दक्षिण अटलांटिकमधल्या, ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांवर उतरणार. १ एप्रिलला पार्सन्स यांनी परिषदेची तातडीची बैठक मागितली. त्या महिन्याचं अध्यक्षपद झाईरच्या कमांडा वा कमांडा यांच्याकडे नुकतंच आलं होतं. त्या संध्याकाळी अध्यक्षांचं निवेदन निघालं: दोन्ही देशांनी बळाचा वापर टाळावा. निवेदनाला ठरावाचं वजन नसतं, पण त्याला पंधराही जणांची संमती लागते. दुसऱ्या दिवशी अर्जेंटिनाचं सैन्य उतरलं, म्हणजे परिषदेचं म्हणणं बारा-पंधरा तासांत धुडकावलं गेलं. पार्सन्स यांच्या मसुद्याचं पहिलं वाक्य असं आयतं तयार झालं.

इथून पुढचं काम कारागिराचं आहे. नेहमीची रीत अशी, की मसुदा आधी वाटायचा, प्रत्येकाने त्यात शब्द घालायचे-काढायचे, आणि आठवडाभराने त्याचा लगदा झाला की मतदान. पार्सन्स यांनी तयार मसुदाच टेबलावर ठेवला आणि लगेच मतदान मागितलं. अंतिम मसुदा निळ्या शाईत छापून वाटला, की साधारण चोवीस तासांनी मतदान, असा परिषदेचा संकेत आहे. वाट बघितली असती तर दुरुस्त्या आल्या असत्या, लॅटिन अमेरिकेचा दबाव वाढला असता आणि नऊ मतं हातची गेली असती. अर्जेंटिनाचे परराष्ट्र मंत्री कोस्ता मेंडेझ येऊन बोलेपर्यंत थांबणं मात्र भाग होतं, म्हणून शनिवार, ३ एप्रिल.

मसुद्यात मागण्या तीनच होत्या. लढाई ताबडतोब थांबवा. अर्जेंटिनाने सगळं सैन्य ताबडतोब मागे घ्यावं. दोन्ही सरकारांनी मतभेदांवर राजनैतिक तोडगा शोधावा. काय घातलं नाही, ते याहून महत्त्वाचं. बेटं कुणाची, यावर अक्षर नाही, कारण तो प्रश्न काढला असता तर अर्धी परिषद अर्जेंटिनाच्या बाजूने गेली असती. बेटांची नावंही दोन्ही दिली, इंग्रजी आणि कंसात स्पॅनिश. आक्रमण झाल्याच्या बातम्यांबद्दल चिंता आहे, पण धिक्कार नाही. निर्बंधांची मागणी नाही.

आणि एक वाक्य होतं, ज्यावर सगळा डोलारा उभा होता: या प्रदेशात शांतताभंग झाला आहे असं परिषद ठरवते. हे शब्द संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ३९व्या कलमातले, म्हणजे शांतताभंगावर कारवाई करण्याच्या सातव्या प्रकरणातले. पनामाचे परराष्ट्र मंत्री इल्युएका यांनी हरकत घेतली, की ब्रिटन स्वतः तंट्यातला पक्षकार आहे, तेव्हा कलम २७ प्रमाणे त्याला मत देता येणार नाही. हरकत पोरकट नव्हती. पक्षकाराने मतदानापासून दूर राहायचं, असं ते कलम खरंच सांगतं, पण मुख्यतः तंटे शांततेने मिटवण्याच्या सहाव्या प्रकरणाखालच्या निर्णयांपुरतं. पार्सन्स यांचं उत्तर तयार होतं: हा ठराव कलम ४० खालचा, सातव्या प्रकरणातला आहे. हरकत तिथेच संपली. कलमाचा आकडा ठरावात कुठेही छापलेला नाही, तो त्या एका वाक्यात मुरवलेला होता.

आता मतं. ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, जपान, आयर्लंड ही पाच धरता येण्यासारखी. गयानाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास प्रदेशावर व्हेनेझुएला हक्क सांगतो, त्यामुळे जुन्या दाव्याखातर सैन्य घुसवण्याला हो म्हणणं गयानाला परवडणारं नव्हतं. टोगोला वळवण्यात फ्रान्सने मदत केली. झाईर आणि युगांडा धरून नऊ. जॉर्डनच्या प्रतिनिधीला तटस्थ राहण्याची सूचना होती, तेव्हा पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी थेट राजे हुसेन यांना फोन केला. दहा मतं बाजूने, विरोधात एकटा पनामा, आणि चीन, पोलंड, स्पेन, सोव्हिएत युनियन तटस्थ. हा ठराव क्रमांक ५०२.

खरी धास्ती सोव्हिएत नकाराधिकाराची होती. रशिया तेव्हा अर्जेंटिनाकडून मोठ्या प्रमाणावर धान्य घेत होता. पण आफ्रिकेतले तीन देश, गयाना आणि जॉर्डन बाजूने दिसत असताना मॉस्कोने ब्यूनोस आयरिसच्या कम्युनिस्टद्वेष्ट्या लष्करशहांसाठी हात वर करायचा कशाला? म्हणजे टोगो आणि युगांडाची मतं नऊचा आकडा गाठण्यापुरती नव्हती, महासत्तेला जागच्या जागी बसवून ठेवण्याचं कामही त्यांनीच केलं.

ब्रिटिश आरमार ५ एप्रिलला निघालं ते हा ठराव खिशात घालून. युरोपीय समुदायाने त्याच महिन्यात अर्जेंटिनाच्या आयातीवर बंदी घातली, तिलाही आधार ५०२ चाच.

अशा ठरावाची पुण्याई मात्र झिजत जाते. २ मेला अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’ ही युद्धनौका ब्रिटिशांनी बुडवली, ३२३ माणसं गेली, आणि परिषदेतली हवा बदलली. १६ मेच्या रविवारी पार्सन्स आणि वॉशिंग्टनमधले ब्रिटिश राजदूत निकोलस हेंडरसन यांना चेकर्सला, पंतप्रधानांच्या गावाकडच्या निवासस्थानी, बोलावलं गेलं. तिथे ब्रिटनचा शेवटचा प्रस्ताव लिहिला गेला: चौदा दिवसांत दोन्ही सैन्यं दीडशे सागरी मैल मागे, बेटांवर संयुक्त राष्ट्रांचा प्रशासक, वर्षअखेरीपर्यंत वाटाघाटी. अर्जेंटिनाने तो नाकारला आणि २१ मेला ब्रिटिश सैन्य सान कार्लोसला उतरलं. पार्सन्स यांना तो प्रस्ताव स्वीकारला जाण्याची किती आशा होती, हा प्रश्न गौण आहे. नकार समोरच्याने दिला हे नोंदलं जावं, हा हिशेब त्यात होताच.

४ जूनला स्पेन आणि पनामाने युद्धबंदीचा ठराव आणला. बाजूने नऊ मतं पडली, म्हणजे मंजुरीला पुरेशी, आणि त्यांत आता आयर्लंड, जपान, झाईर आणि युगांडा होते. पार्सन्स यांना नकाराधिकार वापरावा लागला. अमेरिकेनेही वापरला, पण काही मिनिटांतच त्यांच्या प्रतिनिधी जीन कर्कपॅट्रिक यांनी जाहीर केलं, की तटस्थ राहा असा निरोप आलाय, तो उशिरा पोचला. दोन महिन्यांपूर्वी जमवलेल्या दहांतले चार जण उघडपणे पलीकडे गेले होते. दहा दिवसांनी पोर्ट स्टॅन्लीत अर्जेंटिनाच्या सैन्याने शरणागती पत्करली, म्हणून त्या मतदानाची आठवण फारशी कुणी काढत नाही.

त्याच वर्षी पार्सन्स यांची न्यूयॉर्कची मुदत संपली. त्यांच्या जागी सर जॉन थॉमसन आले, ते त्याआधी पाच वर्षं दिल्लीत ब्रिटनचे उच्चायुक्त होते. आणि थॅचरबाईंनी, ज्यांचा परराष्ट्र खात्यावर काडीचा विश्वास उरला नव्हता, त्याच खात्यातल्या या माणसाला परराष्ट्र व्यवहारांचा खास सल्लागार म्हणून आपल्या कार्यालयात आणलं. फॉकलंडचा हल्ला लंडनला ऐन वेळीच कळला होता. ‘एन्ड्युरन्स’ हे दक्षिण अटलांटिकमधलं एकुलतं एक गस्ती जहाज काढून घेणार, असं १९८१ मध्ये जाहीर करून झालं होतं, आणि त्याचा ब्यूनोस आयरिसमध्ये काय अर्थ लावला जाईल, हे व्हाइटहॉलमध्ये, म्हणजे लंडनच्या सरकारी खात्यांत, कुणी पुरतं मनावर घेतलं नव्हतं. तेहरानमध्ये जे पार्सन्स यांच्या हातून झालं, जवळपास तेच लंडनने अर्जेंटिनाच्या बाबतीत केलं. पंतप्रधानांना या पदावर नेमका कोणता पार्सन्स हवा होता, दहा मतं जमवणारा की इराणमध्ये चुकून शिकलेला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. वर्षभराने ते पद सोडून पार्सन्स एक्सेटर विद्यापीठात शिकवायला गेले.